सात दोऱ्या आणि एक डालगं

आमच्या घरात गेल्या वर्षीपर्यंत सात दोऱ्या होत्या. दोन मागच्या गॅलरीत, एक स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, एक न्हाणीघरात, दोन हॉलमध्ये पंख्याखाली आणि सातवी बेडरूममध्ये, कपाटाच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत. ही सातवी फक्त पावसाळ्यात बांधायची. ती बांधली की कपाट उघडायला वाकून जावं लागे, आणि वाकताना कुणाचा तरी ओला पायमोजा हमखास कानाला लागे.

फ्लॅट टिळकवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या नि स्वयंपाकघर. माणसं चार: मी, नवरा, दुसरीतली लेक आणि सासूबाई. पुढच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत हा अपार्टमेंटचा नियम. इमारत वाईट दिसते म्हणे. मागची गॅलरी पश्चिमेला. बेळगावात पाऊस कुठून येतो ते सांगायला नको, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्या दोन दोऱ्या कपडे धुवायच्याच कामाच्या, वाळवायच्या नाहीत.

इथला पाऊस मुंबईसारखा नाही. मुंबईत तो कोसळतो आणि मध्ये उघडीप तरी देतो. आमच्याकडे रिपरिप. सासूबाई अजून नक्षत्रांवर पाऊस मोजतात. त्यांच्या मते पुनर्वसूचा तरणा पाऊस बरा, पडतो आणि मोकळा होतो. पुष्याचा म्हातारा पाऊस म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा, दिवसभर पुटपुटत राहणार आणि जायचं नाव काढणार नाही. हे त्या स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात.

तर गेल्या वर्षीच्या पुष्यात लेकीला धाप लागली. आधी साधी सर्दी, मग रात्रीचा खोकला, मग छातीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज. डॉक्टरांनी तपासलं, पंप दिला, कसा ओढायचा ते शिकवलं आणि लिहिता लिहिता विचारलं, ‘ती झोपते त्या खोलीत कपडे वाळत घालता का?’ मी मान खाली घातली. ते म्हणाले, ‘पावसात सगळेच घालतात. पण ओल राहिली की बुरशी येते, धुळीतले किडे वाढतात. अशा मुलांना ते सोसत नाही. तेवढी दोरी काढा.’

सातवी दोरी त्याच संध्याकाळी काढली. पण दोरी काढली म्हणून धुणं कमी होत नाही. युनिफॉर्मचे दोन जोड, त्यातला एक कायम चिखलात. नवऱ्याच्या पँटी. टॉवेल. सासूबाईंच्या सुती साड्या. तेव्हा मी छोटा ड्रायर बघायला सुरुवात केली.

‘मशीनला ड्रायर आहे की. आणखी ड्रायर कशाला?’ नवऱ्याचा पहिला प्रश्न. आमचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन, आणि त्याच्या दुसऱ्या कप्प्याला आपण सगळेच ड्रायर म्हणतो. खरं तर तो वाळवत नाही, पिळतो. कपडे गरागरा फिरवून पाणी बाहेर फेकतो. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे हा फरक मला माहीत होता, पण घरात समजावून सांगायला मला स्वयंपाकघरातला वजनकाटा काढावा लागला. कोरडा टॉवेल ४५० ग्रॅम. त्या कप्प्यात पाच मिनिटं फिरवून काढलेला ७०० ग्रॅम. म्हणजे पिळूनसुद्धा पाव लिटर पाणी टॉवेलातच आहे. ते पिळून निघणार नाही, त्याची वाफच व्हायला हवी.

आता पुढचा हिशेब मी नंतर नववीच्या वर्गातही दिला. आमची बेडरूम दहा बाय बारा, उंची दहा फूट. त्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या खोलीत मिळून पाऊण किलोच्या आसपास. पण पुष्यातली हवा कोरडी थोडीच असते? ती आधीच नव्वद टक्के भरलेली. उरली जागा ७०-८० ग्रॅमची. आणि एका टॉवेलातच अडीचशे! दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत सात दोऱ्या काय, सत्तर बांधल्या तरी कपडे वाळणार कुठून? मात्र तीच हवा ५० अंशांपर्यंत तापवली तर घनमीटरला ८० ग्रॅमच्या वर वाफ घेते. ड्रायरचं सगळं गुपित एवढंच आहे. हवा तापवायची, कपड्यांतून फिरवायची आणि बाहेर सोडायची. हे ‘बाहेर सोडायची’ मी विसरले, त्याची गोष्ट पुढे येते.

गोल फिरणारा, पिंपाचा लहान ड्रायरही मिळतो, पण तो ठेवायला आमच्याकडे जागा नव्हती. आम्ही घेतला तो तंबूचा. खाली पंखा आणि हीटरचा डबा, त्यावर स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, दोन मजली, आणि वरून चेन लावायचं कापडी आवरण. ९०० वॅट. फिरवायच्या बटणावर वेळ लावायची. नको तेव्हा घडी घालून कपाटावर. किंमत साडेचार हजार. खोक्यावर दहा किलो कपडे मावतात असं छापलं होतं, ते मी पहिल्याच दिवशी सोडून दिलं. धुतलेले कपडे तीन किलो असले तर ठीक, त्यावर हवा खेळत नाही. सांगाड्याचे प्लास्टिकचे दोन सांधे पहिल्या महिन्यात तुटले, तिथे आता सुतळी आहे.

पहिल्या रात्री मी हा तंबू बेडरूममध्ये उभा केला, लेकीचा युनिफॉर्म, चार टॉवेल आणि नवऱ्याची पँट आत घातली, पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून खिडकी घट्ट लावली आणि मोठ्या समाधानाने हॉलमध्ये जाऊन बसले. दोन तासांनी दार उघडलं तर चष्म्यावर वाफ. खिडकीच्या काचा वाहत होत्या. कपाटाच्या आरशावर बोटानं नाव लिहिता आलं असतं. कपडे वाळले होते, भिंती भिजल्या होत्या. कपड्यांतलं लिटरभर पाणी गेलं कुठं, तर लेक जिथं झोपते त्याच खोलीत. वजनकाटा घेऊन नवऱ्याला शिकवणारी मी!

दुसऱ्या दिवसापासून तंबू स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गेला. दार चार बोटं उघडं, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू, बेडरूमचं दार बंद. तेव्हापासून भिंतींना काही नाही. ज्यांचं घर एकाच खोलीचं आहे त्यांनी निदान समोरासमोरच्या दोन फटी ठेवाव्यात. पावसाळी हवा आत आली तरी चालते. बाहेरची हवा कितीही दमट असली तरी तापवल्यावर ती कोरडीच वागते.

आठ-दहा दिवसांत फरक पडला. लेकीचा रात्रीचा खोकला कमी झाला. तो पंपामुळे किती आणि दोरी गेल्यामुळे किती हे मला सांगता येणार नाही. युनिफॉर्म सकाळी उबदार मिळायला लागल्यावर तिची शाळेला जायची कुरकुर मात्र नक्की कमी झाली.

याच दिवसांत मी घरात एक नियम काढला. ड्रायर मीच लावणार. बाकी कुणी हात लावायचा नाही. कारणं सगळी बरोबर होती. वीज आहे, हीटर आहे, लेक लहान आहे, सासूबाईंना चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत. आणि गृहज्योतीचं गणित होतं. कर्नाटकात २०२३पासून घरगुती विजेला ती योजना आहे. आपल्या जुन्या सरासरीहून थोड्या जास्तीपर्यंत वापरलं तर बिल शून्य, त्यावर गेलं तर वरचं भरायचं, आणि महिन्याला २०० युनिट ओलांडले की सगळंच बिल आपलं. आमचं घर ११०-१२०चं. ड्रायरचे रोज दोन तास धरले तर महिन्याला ५०-५५ युनिट. नवरा येता-जाता खाली मीटरवर नजर टाकायचा, आणि मी जिन्यातून चढताना मनातल्या मनात टॉवेल मोजायचे.

कपडे कोरडे व्हायला लागले, तरी घरातला कुबट वास काही जाईना. ओला कपडा फार वेळ तसाच राहिला की त्यात जंतू वाढतात, तो वास त्यांचा. आता दोऱ्या रिकाम्या होत्या, मग वास कुठून? मी पायपुसणी धुतली, चपलांचं कपाट उघडं ठेवलं, न्हाणीघरात फिनेल ओतलं. एके दिवशी शाळेतून दमून आल्यावर मी हॉलमध्ये उभी राहून मोठ्याने म्हटलं, ‘या घरात कुणीतरी ओलं काहीतरी कोंबून ठेवतंय. मला कळत नाही असं वाटतं का?’ मी लेकीला म्हणत होते. तिला ओला रुमाल दप्तरात ठेवायची सवय आहे. सासूबाई खिडकीशी वाती वळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ऊन पडलं. श्रावणातलं ऊन, अर्ध्या तासाचं, पण बेळगावची बाई ते सोडत नाही. मी सासूबाईंची गादी गॅलरीत न्यायला उचलली. खाली फळीवर दोन परकर आणि एका जुन्या लुगड्याचा तुकडा होता. नीट घडी घालून, पसरून, गादीच्या वजनाखाली. ओले. परकराच्या घडीवर बुरशीचे काळे ठिपके.

मी वळले तर त्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पदर तोंडाला लावला होता, रडायला नाही, नुसताच. मी गादी परत खाली टाकली आणि काय बोलावं न सुचून म्हटलं, ‘चहा ठेवते.’

‘मला नको,’ त्या म्हणाल्या.

तेव्हा लक्षात आलं की त्यांनी दुपारचा चहा सोडून महिना झाला होता. रात्रीच्या जेवणात पाण्याचं भांडं तसंच भरलेलं उठायचं. मी रोज ते उचलत होते आणि बेसिनमध्ये ओतत होते.

रात्री लेक झोपल्यावर मी त्यांच्या खाटेवर बसले. बोलायला त्यांना बराच वेळ लागला. झोपेत कळत नाही, म्हणाल्या. जाग येते तेव्हा झालेलं असतं. रोज नाही, आठवड्यात तीन-चारदा. पहाटे चार वाजता उठून न्हाणीघरात आवाज न करता परकर धुवायच्या, पिळायला हातात जोर नाही, आणि मग वाळवायचा कुठं? ‘हॉलमध्ये तुमच्या दोऱ्या होत्या तोवर एखाद्या साडीखाली घालायचो. कोण बघतंय? तू दोऱ्या काढल्यास.’ मग थोड्या वेळानं, ‘मशीनला हात लावायचा नाही म्हणालीस. मग तुला काय सांगू? रोज सकाळी परकर हातात घेऊन तुझ्यापुढं उभी राहू?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काढलेल्या नियमात सगळी कारणं बरोबर होती, फक्त त्यात हे नव्हतं.

त्यांचं सगळं आयुष्य शहापुरात गेलं. गल्लीत मागांचा खडखडाट, घरामागे परडं, परड्यात विहीर. दोरी शेवग्यापासून न्हाणीच्या भिंतीतल्या खुंटीपर्यंत. पावसाळ्यात माजघरात वलण, चुलीची ऊब लागेल अशी. घरात बायका पाच, पण कुणाचं काय धुतलं, कधी धुतलं हे कुणी मोजत नसे. आणि बायकांचे आतले कपडे नेहमी दुसऱ्या लुगड्याखाली, उजेडात कधीच नाही. हे आमच्या आयांच्या पिढीला नवं नाही. जे लपवायचं ते ओलसरच वापरायचं, अंगाला खाज सुटली तरी बोलायचं नाही. त्यांच्याही मांडीला आणि कमरेला चट्टे उठले होते. तेही त्या रात्रीच कळलं.

सकाळी मी ड्रायर त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. नेलपॉलिशची बाटली घेतली आणि वेळेच्या बटणाभोवती दोन लाल ठिपके काढले, एक चाळीस मिनिटांचा, एक दीड तासाचा. म्हटलं, ‘परकराला पहिला, साडीला दुसरा. कुणाला विचारायचं नाही.’

त्यांनी तंबूची चेन उघडली, आत डोकं घातलं, खालचा डबा बघितला, वरची कापडाची टोपी चाचपली आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

‘अगं, हे तर डालगं की!’

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. नवऱ्याचा जन्म जुलैतला. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, तिच्यात शेणीचे निखारे, वर थोडा ओवा आणि धूप. त्या शेगडीवर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर बाळुती पसरायची. खालून ऊब, वेताच्या फटींतून वाफ वर. दिवसाला वीस-पंचवीस बाळुती अशी वाळायची. डालगं याच कामाचं वेगळं ठेवलेलं असे, कोंबड्यांचं नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ‘तुझ्या नवऱ्याला पुष्यात कधी ओलं घातलं नाही,’ म्हणाल्या.

मग मी त्यांना ड्रायरचे नियम सांगायला लागले, आणि एकेक नियम त्यांनी माझ्या आधी सांगितला. ठिबकतं काही वर टाकायचं नाही, निखारे विझतात. मी म्हटलं, बरोबर, पाणी हीटरच्या डब्यात जाता कामा नये. अर्ध्यावर परतायचं, नाहीतर एक बाजू करपते आणि दुसरी ओली. शेगडी ठेवून झोपायचं नाही. त्यांच्या जावेनं एकदा झोपून बाळुतं जाळलं होतं. जाड कापड कडेला, पातळ मध्ये. आणि गरम कपडा हाताला वाळल्यासारखा लागतो, त्याच्यावर जायचं नाही, जरा निवू द्यायचा आणि मग गालाला लावून बघायचा. ही शेवटची गोष्ट मला माहीत नव्हती. मी महिनाभर गरम गरम टॉवेल घडी करून कपाटात ठेवत होते आणि ते दोन दिवसांनी परत वास मारायचे.

साडीचं तंत्रही त्यांचंच. मी साडी आठपदरी घडी घालून दांडीवर टाकत होते. आतले पदर ओलेच राहायचे. त्यांनी दोनपदरी करून दोन्ही दांड्यांवरून नागमोडी नेली, मध्ये हात जाईल एवढी फट ठेवून. साडेपाच मीटरचं सुती लुगडं सव्वा तासात.

डॉक्टरीणबाईंकडे त्यांना नेणं यापेक्षा अवघड गेलं. ‘या वयात कशाला दाखवायचं?’ हे चार दिवस चाललं. बाईंनी लघवी आणि साखर तपासली, जंतुसंसर्ग होता त्याचं औषध दिलं, कंबरेखालचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम शिकवले, आणि पाणी बंद केल्याबद्दल चांगलंच रागावल्या. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, जळजळ वाढते, त्रास उलट जास्त. दिवसभर पुरेसं प्यायचं, झोपायच्या आधीच्या दोन तासांत कमी. चट्टे बुरशीचे निघाले. मलम महिनाभर लावायचं आणि ‘अंगावर ओलसर कपडा अजिबात नको, परकर कडक वाळलेला पाहिजे’ हे बाई म्हणाल्या तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ड्रायर त्यांनीच विकत आणला होता. प्रवासाला जाताना मोठ्यांचे डायपर त्या आता वापरतात. घरी नको म्हणतात, आणि मी आग्रह करत नाही. त्रास आता महिन्यातून दोन-तीनदा होतो.

पहाटे चारला आमच्या घरात आता एक बारीक घूं ऐकू येते. आधी मशीनचा पिळायचा कप्पा पाच मिनिटं. याला वीज नगण्य लागते. तीनशे वॅटची मोटर पाच मिनिटं म्हणजे युनिटाचा चाळिसावा भाग. उलट एक लिटर पाण्याची वाफ करायला दोन तृतीयांश युनिट तरी लागतंच, कुठल्याही कंपनीचा असा हीटरचा ड्रायर आणा, त्यातून सुटका नाही. म्हणून जेवढं पिळून जातंय तेवढं आधी पिळून काढायचं. हे ज्याला कळलं त्याचं बिल कमी येतं. आम्ही ऑगस्टमध्ये १६८ युनिटांवर थांबलो. मर्यादेच्या वरचे पैसे भरले. नवऱ्याला गादीखालची गोष्ट मी सांगितली होती. त्यानंतर तो मीटरवर नजर टाकत नाही. निदान माझ्यादेखत नाही.

हे वाचणाऱ्यांत पुण्या-बंगळुरात भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं-मुली असतील, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ड्रायरची पिन थेट भिंतीत, एक्स्टेंशनच्या वायरीवर नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलानं ते केलं आणि त्याच्या बोर्डाचं प्लास्टिक मऊ झालं. तेलाचे डाग राहिलेली फडकी आत घालू नका, पेट घेऊ शकतात. तळाच्या जाळीत कापसाचा भुगा साठतो, तो आठवड्याला काढा. नायलॉन, इलॅस्टिक, जरीचं काही असेल तर हॉलमधल्या पंख्याखाली; जीन्सची तर आशाच सोडा, तिचा कमरेचा पट्टा तीन तासांतही वाळत नाही. खिसे बाहेर काढून, उलटी करून पंख्याखाली अर्धी वाळवायची आणि शेवटचा तास ड्रायरला द्यायचा. आणि ऊन असेल त्या दिवशी हे यंत्र लावू नका. उन्हाला बिल नसतं.

एवढंच आणखी. तुमच्या घरी आजी असेल आणि तिनं संध्याकाळचा चहा सोडला असेल, तर एकदा तिच्यापाशी बसा.

हा लेख लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. म्हटलं, सगळं लिहू का? त्यांनी बराच विचार केला. ‘लिही. माझं नाव घालू नको. आणि आमच्या गल्लीतल्या बायकांनी ओळखलं तर ओळखू दे. त्यांचंही तेच चाललंय, गादी उचलायला कुणी नाही एवढंच.’

पाऊस सरल्यावर मी ड्रायरची घडी घातली आणि कपाटावर ठेवायला निघाले. त्या खाटेवरून म्हणाल्या, ‘कशाला चढवतीस? हस्ताचा पाऊस व्हायचाय अजून.’ हस्त झाला. दिवाळी झाली. थंडी आली. डालगं त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी तसंच उभं आहे. ते तिथं असलं की कपाटाचं उजवं दार पूर्ण उघडत नाही, आणि माझ्या साड्या उजवीकडे आहेत. मी हात आत घालून हाताला येईल ती काढते.